भाऊ एकटाच बोलतो, संशय घेतो, काय असेल?

कळवेकर: धाकटा भाऊ, २१ वर्षांचा, कॉलेज सोडलं, अंघोळ टाळतो, फॅनला टॉवेल गुंडाळलाय कारण म्हणे त्यातून शेजारी ऐकतात, रात्री कोणाला तरी उत्तरं देत बसतो. आई म्हणते दृष्ट लागली. स्किझोफ्रेनिया असेल का?

नर्सताई: असू शकतो, पण गांजा, थायरॉइडनेही असं होतं, तपासणी करा. निदानाला साधारण ६ महिन्यांची लक्षणं बघतात, पण तोवर थांबू नका हं, आत्ताच दाखवा.

वागळेवाला: त्याच्याशी वाद नको, 'कोणी ऐकत नाही' म्हटलं की आपणपण कटात सामील! झोपेचं निमित्त करून न्या. ठाण्याच्या मनोरुग्णालयात ओपीडी आहे, नाहीतर टेलिमानस (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन) १४४१६, फुकट.

कळवेकर: तो म्हणतो मला काही झालंच नाहीये

नर्सताई: बऱ्याचदा तेही लक्षणच असतं. मरायचं-मारायचं बोलला तर तडक इमर्जन्सीत न्या.