‘ब्लॅकफ्लाय’ या लघुपटातील माशीला मराठीत काय म्हणावे, आणि त्यातली अतिशयोक्ती किती?

तिसरी रांग

आमच्या चित्रपट मंडळाने पुढच्या महिन्यात कॅनडातील अ‍ॅनिमेशनपटांचा एक छोटा खेळ ठेवला आहे. प्रत्येक लघुपटाआधी वाचून दाखवायचे आठ-दहा ओळींचे मराठी टिपण लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. बाकीची टिपणे लिहून झाली, परंतु नॅशनल फिल्म बोर्ड या कॅनडाच्या सरकारी चित्रपटसंस्थेच्या ‘ब्लॅकफ्लाय’ (१९९१) या ख्रिस्तोफर हिंटन यांच्या पाच मिनिटांच्या लघुपटापाशी गाडी अडली आहे. धरणासाठी मोजणी करायला उत्तर ऑन्टारिओच्या रानात गेलेल्या तुकडीला माश्या कशा भंडावून सोडतात, एवढीच त्याची गोष्ट आहे आणि तीही वेड हेम्सवर्थ या कॅनडातील लोकगायकाच्या गाण्यातून सांगितलेली आहे. ‘काळी माशी’ असे लिहिले तर प्रेक्षकांच्या डोळ्यांपुढे हलवायाच्या ताटावरची माशी येईल, आणि ‘डास’ लिहिले तर ते सरळ चूक ठरेल. दुसरे असे, की आपण मेल्यावरही या माश्या आपली हाडे कुरतडत बसतील असा त्या गाण्याच्या धृपदाचा सूर आहे. हा निव्वळ विनोद समजावा, की त्यामागे काही अनुभव आहे?

ओढ्याकाठी

मी कीटकशास्त्र शिकवतो, म्हणून आधी प्राण्याविषयी लिहितो. ही माशी सिम्युलिडी कुळातली, दोन ते पाच मिलिमीटर लांबीची आणि पाठीला पोक असलेली असते. डास साचलेल्या पाण्यात वाढतो, तर हिला वाहते, खळाळते, प्राणवायूने भरलेले पाणी लागते. अळी आपल्या लाळेच्या रेशमाची गादी दगडावर चिकटवते, शेपटाकडच्या बारीक आकड्यांनी तिला धरून राहते आणि तोंडाजवळचे पंखे पसरून प्रवाहातून येणारे अन्नकण गाळून खाते. कोशातून बाहेर पडणारी माशी हवेच्या बुडबुड्यात बसून पृष्ठभागावर येते. एखाद्या अ‍ॅनिमेशनकाराने हे दृश्य रंगवले असते तर लोकांनी ते कल्पित मानले असते. रक्त फक्त मादी पिते, कारण तिला अंड्यांसाठी प्रथिने लागतात.

डास सोंड खुपसतो, तर ही माशी कातडी कापते आणि त्या लहानशा जखमेत साठलेले रक्त पिते. तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारे आणि जागा बधिर करणारे घटक असतात, त्यामुळे चावा त्या क्षणी जाणवत नाही. खूप चावे एकदम बसल्यास अंगात ताप, डोकेदुखी आणि मळमळ सुरू होते. डॅन्यूब नदीच्या खोऱ्यात १९२३ साली याच कुळातल्या माश्यांनी हजारो गुरे मारली. आफ्रिकेत तर काही जाती अंधत्व आणणाऱ्या कृमींचा प्रसार करतात. कॅनडात मात्र ती माणसांमध्ये असा रोग पसरवत नाही, आणि म्हणूनच तिच्यावर विनोदी गाणे रचणे तिथल्या लोकांना परवडले असावे.

अकरा महिने थंडी

गेली चौदा वर्षे मी ऑन्टारिओत राहतो, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अंगावरच्या खुणांवरून देऊ शकतो. बर्फ वितळून ओढे भरले, की मेच्या मध्यापासून जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत हिचे राज्य असते. पहिल्या वर्षी कुणाचे न ऐकता मी मेअखेरीस गडद निळा शर्ट घालून अल्गॉन्क्विन उद्यानात गेलो. गडद रंग तिला ओढून घेतो हे तेव्हा मला ठाऊक नव्हते. दुपारी सोबत्याने विचारले, “अरे, कानामागे काय लागले?” हात फिरवला तेव्हा बोटांना रक्त लागले, आणि टोपी काढली तर तिच्या कडेखाली कपाळभर ठिपक्यांची रांग उमटलेली होती. ती उघड्या दंडावर बसतेच, पण कॉलर, बाही, केसांची कड अशा ठिकाणी सरपटत आत शिरणे तिला अधिक आवडते. म्हणून तिथे विजार मोज्यांत खोचतात आणि डोक्यावरून जाळी घेतात. डीट हे कीटकांना दूर ठेवणारे रसायन असलेले मलम सर्वत्र मिळते, परंतु कॅनडात प्रौढांसाठी त्याचे प्रमाण कमाल ३० टक्के ठेवले आहे.

एक गोष्ट मात्र तिच्या बाजूने सांगायला हवी. ती रात्री चावत नाही, आणि तंबूत शिरलीच तर आपल्याला विसरून उजेडाच्या दिशेने कापडावर चढत राहते. रात्रपाळी डास सांभाळतात.

तेव्हा गाण्यातली अतिशयोक्ती हाडांपुरतीच समजा. हेम्सवर्थ स्वतः अशाच तुकडीबरोबर लिटल अबिटिबी नदीवर गेले होते आणि १९४९ सालच्या त्या गाण्यात त्यांनी आपले अनुभवच गुंफले आहेत. चित्रपटातही त्यांचाच आवाज आहे आणि साथीला केट व अ‍ॅना मॅकगॅरिगल या गायिका बहिणी आहेत. ऑस्करच्या नामांकनाचा उल्लेख टिपणात केला तरी चालेल, पण माझ्या मते या आवाजाचा उल्लेख अधिक महत्त्वाचा आहे, कारण तक्रार करणारा माणूस स्वतःच गातो आहे हे कळल्यावर हसू वेगळे येते.

शब्दांचा संसार

शब्दाविषयी थोडे. चिलट डोळ्यांपुढे घोंघावते आणि पिकल्या फळावर बसते, पण त्यात हा हिंस्रपणा नाही. गोमाशी चावते, परंतु ती आकाराने फार मोठी. ‘मुरकूट’ हा शब्द मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण तो बारीक, घोळक्याने येणाऱ्या आणि चावणाऱ्या जिवासाठी वापरला जातो. अरुणाचलच्या जंगलांत पक्षी पाहायला जाणारी मंडळी याच कुळातील माशीला ‘डिमडाम’ म्हणतात. तो शब्द कानाला गोड आहे, पण आपल्या प्रेक्षकांना त्याचा उपयोग नाही. शीर्षक ‘ब्लॅकफ्लाय’ असेच ठेवावे आणि पहिल्याच वाक्यात मुरकूट आणावे, असे मी सुचवीन.

ओढ्याकाठी

मुरकूट मान्य. मात्र ‘वाहत्या पाण्यातले’ हे विशेषण जोडायला विसरू नका, कारण खरी गंमत त्यातच आहे. धरण बांधले की वरच्या अंगाचे खळाळ बुडतात आणि तिथल्या अळ्या संपतात, परंतु सांडव्यावरून कोसळणारे पाणी त्यांना इतके मानवते, की तिथे त्या दाटीवाटीने वाढतात. ज्या धरणासाठी ही तुकडी रक्त सांडत होती, त्याने माश्यांचा बंदोबस्त होणार होता असे नाही.

तिसरी रांग

सर्वांचे मनापासून आभार. टिपणाची सुरुवात आता अशी केली आहे: “खळाळत्या पाण्यात जन्मणारे, तांदळाच्या दाण्याहून लहान, पाठीला पोक असलेले हे मुरकूट दिवसाउजेडी कातडी कापून रक्त पिते, ज्याला ते चावले, त्यानेच हे गाणे रचले आहे आणि तोच ते गातो आहे.” सांडव्याची गोष्ट मी खेळ संपल्यानंतरच्या गप्पांसाठी राखून ठेवतो.