रंगानं चिकटून बसलेली जुनी सागवानी खिडकी मोकळी कशी करावी?

आर्वीची_सून

नमस्कार. आर्वी तालुक्यातल्या खेड्यात आमचं जुनं घर आहे, मातीच्या रुंद भिंतीचं. मधल्या खोलीला समोरासमोर दोन खिडक्या. अंगणाकडच्या खिडकीत कूलर बसवला आहे. मागची, गोठ्याकडची, उघडतच नाही. घरात जेवढी लग्नं झाली तेवढ्या वेळा पेंटरनं ती बंद ठेवूनच ऑइल पेंट मारला. खाली निळा, त्यावर हिरवा, वरून चॉकलेटी. दोन पल्ल्यांमधली फट आता दिसत नाही, बोटानं चाचपावी लागते.

त्यामुळं कूलर लावला की थोडा वेळ बरं वाटतं, मंग सगळी चिकचिक. गादी ओलसर, मिठाला पाणी सुटते, डब्यातले पापड नरम. मामाजी म्हणतात पाण्याची मोटर बंद कर, नुसता पंखा राहू दे. मंग कूलर घेतला कशाला? नवतपा तोंडावर आहे.

घरात दोन मतं आहेत. हे म्हणतात सब्बल लावतो. नणंदबाई म्हणतात काढून फेका, अॅल्युमिनियमची सरकती बसवा. मला दोन्ही नको. पल्ले खोलीच्या आत उघडतात, बाहेरून उभे लोखंडी गज आहेत. लाकूड न फोडता काय करता येईल ते सांगा ना जी.

पुलगाववाला

ताई, रिमूव्हर आणा, लावा, खरवडा, झालं. नाही तर सब्बल बरोबर आहे, एक झटका दिला की रंग सुटते.

रंधा_पटाशी

सब्बलनं रंग सुटत नाही भाऊ, चौकट सुटते. मातीच्या भिंतीत चौकट हलली तर भोवतालचा गिलावाही खाली येतो. रिमूव्हर वरच्या रंगाला चालते, पण ज्या फटीत चिकटलं आहे तिथं ते पोचत नाही. हिंगणघाटला माझं वाढईकाम होतं, आता पोरगा पाहतो.

ताई, तुमचं कूलरचं निदान बरोबर आहे. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांतून ओढून आत ढकलते. ती ओली हवा दुसरीकडून निघाली नाही तर खोलीतच साचते. म्हणून ती मागची खिडकी पाह्यजेच. सरकती लावाल तर एका वेळी अर्धीच उघडते, दोन पल्ल्यांची पूर्ण उघडते. नणंदबाईंना एवढं सांगा.

आता काम. आधी जोर लावू नका, आधी पाहा. गोठ्याकडची खिडकी कधीकाळी माकडांसाठी नाही तर चोरासाठी खिळा मारून बंद केलेली असू शकते, अन् खिळ्याचं डोकं रंगाखाली दडते. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक कडेकडेनं फिरवा. बिजागरी अन् सिटकनीजवळ ते चिकटेलच, दुसरीकडे चिकटलं तर तिथं खिळा आहे. मंग वरची-खालची सिटकनी. दांडीवरचा रंग खरवडा, दोन थेंब डिझेल सोडा, रातभर राहू द्या. सकाळी मूठ सरळ ओढू नका, डावी-उजवी फिरवत फिरवत काढा. सिटकनी चौकटीत अडकली असताना पल्ला ओढणं म्हणजे लाकूड फाडणं.

त्यानंतर फट. कटरच्या पात्यानं पल्ला अन् चौकट यांच्या मधली रेघ कापा, एकदम खोल नाही, त्याच रेघेवर पुन्हा पुन्हा. दोन पल्ल्यांच्या मधेही. बिजागरीच्या भोवतीही. अन् बाहेरून, गजांतून हात घालून, तिकडचीही रेघ कापा. लोक आतूनच कापतात अन् म्हणतात उघडत नाही. रेघ कापून झाली की लांबी (पुट्टी) भरायची पातळ पट्टी घ्या अन् भाकरीखाली उलथनं घालतो तशी हळूहळू आत सरकवा. पट्टीच्या मुठीवर लाकडी ठोकळ्यानं टकटक. पेचकस घुसवू नका, सागाची कड दबते.

कोणता पल्ला आधी, हे महत्त्वाचं. खोलीच्या बाजूनं ज्या पल्ल्यावर उभी पट्टी ठोकलेली आहे, तो आधी उघडतो. दुसरा आधी ओढला तर ती पट्टी तुटते.

पल्ले आत उघडतात म्हणता, तर कडीला धरून ओढण्यापेक्षा कोणाला गोठ्यात पाठवा. गजांतून लाकडाचा तुकडा पल्ल्याच्या उभ्या दांड्यावर ठेवून, खालच्या कोपऱ्याजवळ, हातानं दाबायचं. मधल्या फळीवर नाही, ती पातळ असते. खालून सुटला की वर जायचं.

आर्वीची_सून

काकाजी, लोहचुंबकानं कमाल केली. वरच्या कोपऱ्यात खिळा निघाला, मामाजींनाही आठवत नव्हता कोणी मारला. पकडीनं काढला. पट्टीवाला पल्ला आज उघडला! दुसरा वरून सुटला पण खाली घट्ट आहे. बिजागरीचे स्क्रू काढून पूर्ण पल्लाच बाहेर काढू का? अन् रंगाचे पोपडे खोलीभर पडले आहेत, लहान पोट्टं घरात आहे, त्याचं काही?

दवाखान्यातली_ताई

पोट्ट्याला त्या खोलीतून लगेच दूर ठेवा. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकते. आपल्याकडे घरगुती रंगात शिशाची मर्यादा 90 पीपीएम, म्हणजे दहा लाखात 90 भाग, ती लागू झाली 1 नोव्हेंबर 2017 पासून. तुमचा निळा-हिरवा त्याच्या आधीचा असणार. पोपडे झाडूनं झाडू नका, धूळ उडते. खाली प्लास्टिक अंथरा, ओल्या फडक्यानं पुसा, पोपडे पिशवीत बांधा. चुलीत टाकू नका, अन् शेणाच्या उकिरड्यावर तर मुळीच नाही, ते शेवटी शेतात जाते. घासायचंच असेल तर पॉलिश पेपर पाण्यात भिजवून. तोंडाला मास्क. गॅसच्या बत्तीनं रंग जाळायची आयडिया कोणी दिली तर ऐकू नका, त्या धुरातही शिसं असते.

रंधा_पटाशी

ताई बरोबर सांगून राहिल्या. आम्ही जन्मभर कोरडंच घासलं, कोणी सांगितलं नाही.

पल्ला काढायचा तर काढा, पण स्क्रूच्या खाचेत रंग भरलेला असेल. खिळ्याच्या टोकानं खाच साफ करा, पेचकस बसवून वरून एक ठोका द्या, मंग फिरवा. नाही तर खाच मिटते अन् स्क्रू कायमचा. पल्ला खाली येताना कोणाला तरी धरायला लावा, सागवानाचा आहे, पायावर पडला तर महिनाभर चालणं बंद. बसवताना छिद्र ढिलं वाटलं तर बांबूची कमची फेविकॉलमध्ये बुडवून ठोका, वाळली की स्क्रू घट्ट बसते.

खाली काऊन अडकते ते पल्ला काढल्यावर दिसेल. बहुतेक चौकटीच्या खाचेत रंगाचा थर साचला असेल. तो पटाशीनं काढा. लाकडाला रंधा लगेच मारू नका. मे महिन्यात लाकूड वाळून आकसलेलं असते. आत्ता अडकते म्हणजे ते रंगामुळं, लाकडामुळं नाही. पण पावसाळ्यात ते फुगेल, अन् फुगते रुंदीत, उंचीत जवळपास नाही. म्हणून आत्ता उभ्या कडेला दोन मिलिमीटरची फट राहू द्या, नाही तर पोळ्यापर्यंत पुन्हा अडकली म्हणून लिहाल.

कडांना प्रायमरचा अन् रंगाचा एकेकच पातळ हात. वाळेपर्यंत पल्ले उघडेच ठेवा, दोन दिवस तरी. मंग कडेवर मेणबत्ती घासा.

आर्वीची_सून

दुसराही निघाला, खाचेत खरंच निळ्या रंगाचा गोळा होता. कूलर लावला तर हवा सरळ गोठ्याकडे जाते, गादी कोरडी. आता प्रश्न माश्यांचा. गोठा लागूनच आहे. जाळी लावली तर हवा अडेल ना?

रंधा_पटाशी

थोडी अडेल. पण कूलर चालू असताना हवा आतून बाहेर जाते, माशी तिच्या विरुद्ध सहसा येत नाही. जाळी कायमची ठोकू नका. वेल्क्रो लावून गजाच्या आतल्या बाजूला बसवा, पल्ले मिटतील एवढी जागा आहे का ते आधी पाहा. कूलर बंद केला की लावायची.