बायांच्या ग्रहावर जनुकं कुणाच्या हाती?

सेलूकर: जोन स्लोन्चेव्स्की यांची १९८६ ची 'अ डोअर इनटू ओशन' ही विज्ञान कादंबरी वाचली. सगळीकडं पाणीच पाणी असलेला शोरा, तिथं फक्त बाया. तराफ्यांवर राहतात, सजीवांची जनुकं घडवून गरजेचं सगळं मिळवतात. शेजारच्या ग्रहाचं सैन्य चालून येतं, तरी या हत्यार उचलत नाहीत. पण यात विज्ञान कुठाय? पुरुष वगळले की जनुकबदल पवित्र! असल्या स्त्रीवादी विज्ञानकथा म्हणजे नुसता पुरुषद्वेष.

परभणीची लेक: गप्प बसणार होते, पण 'विज्ञान कुठाय' वाचून राहवलं नाही. लिहिणारी व्यक्ती कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, त्या विषयाचं पाठ्यपुस्तकही तिचं आहे. शोराच्या बायांची कातडी जांभळी का? अंगातले सूक्ष्मजीव प्राणवायू साठवतात, म्हणून त्या पाण्याखाली जास्त वेळ टिकतात. पुरुषद्वेष म्हणता, तर स्पिनेल कोण? परग्रहावरचा पोरगा, त्याला त्या आपल्यात घेतात. प्रश्न एवढाच, की जनुकं बदलायची का नाही हे ठरवतं कोण. शोरावर सगळ्या बसून ठरवतात. आपल्याकडं बीटी कापूस, म्हणजे अळी मारणारं जनुक घातलेला. त्याची सरकी टोबायची बाईनं, खुरपायचं बाईनं, वेचायचं बाईनं. बियाण्याची पिशवी कोणती आणायची हे तिला कोण विचारतंय? २०१७ ला आमच्या रानात बोंड फोडलं की रुई पिवळी, सरकीला सरकी चिकटलेली, आत गुलाबी अळी. वेचणाऱ्या बायांनी ते सगळ्यात आधी पाहिलं. कुणी ऐकलं?

माजलगावचा कापूसवाला: ताई, मूळ दुखणं येगळंच हाय. बीटीचं बी पुन्हा उगवतच नाही, कंपनीनं टर्मिनेटर घातलाय, म्हणजे पुढचं बी वांझ करणारं जनुक.

नांदेड ४४: कामून अफवा पसरवायलेत? टर्मिनेटरचं पेटंट १९९८ चं, बाजारात ते कधी आलंच नाही. बीटीची सरकी उगवते. संकरित असल्यानं पुढच्या पिढीत झाडं एकसारखी येत नाहीत, बस्स. आपलं जुनं कापसाचं वाण नांदेड ४४ सुद्धा संकरितच, त्याचं बी दरसाल विकतच घ्यायचो ना? २००२ ला बीटी आली तेव्हापासून ४५० ग्रॅमच्या पिशवीसोबत १२० ग्रॅम साध्या सरकीची पुडी यायची. ती कडेनं लावायची, म्हणजे अळीत बीटीला प्रतिकार लवकर येत नाही. किती जणांनी लावली? वर फरदड ठेवली, म्हणजे हंगाम संपला तरी तोच कापूस रानात उभा, अळीला बारा महिने खायला.

माजलगावचा कापूसवाला: म्हणजे पुन्हा शेतकरीच गुन्हेगार! दुकानदारानं पुडीबद्दल चकार शब्द काढला नव्हता. कर्ज माझ्या डोक्यावर, शहाणपण तुमचं.

नांदेड ४४: दुकानदाराचं मान्य. फरदड मात्र त्यानं ठेवायला लावली नव्हती.

सेलूकर: मी कादंबरीवर बोलत होतो! बरं, स्पिनेलचा मुद्दा धरा. पण तंत्र बायांच्या हाती गेलं की न्याय येतो हे मला मान्य नाही. चोर बीटीवर, म्हणजे परवानगी नसलेल्या, तणनाशक सोसणाऱ्या कापसावर, तणनाशक मारता येतं, बायांची खुरपणी वाचते. त्याला विरोध कोण करतं? शहरातल्या स्त्रीवादी.

परभणीची लेक: कंबर वाचते, रोज बुडतो. माझ्या चुलतीनं खुरपणीच्या पैशावर पोरगी नर्सिंगला घातली. मशागतीचा खर्च वाचला म्हणून मालक तिला पैसे देणार आहे का? आणि तंत्राचंच बोलायचं तर बीड बघा. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८०७ मुली. सोनोग्राफी पुरुषी व्यवस्थेच्या हाती होती म्हणूनच हे झालं.

गेवराईची सून: नुसतं पुरुषी म्हणून सोडू नका. माझ्या मावशीला दवाखान्यात तिच्या सासूनं नेलं होतं. नवरा ऊसतोडीला कारखान्यावर होता, त्याला नंतर कळलं. मावशी अजून त्या गल्लीतून जात नाही. सगळ्या बायाच असल्या म्हणजे सगळ्या बसून ठरवतील, हे मला पटत नाही.

सेलूकर: हेच तर म्हणत होतो.

परभणीची लेक: तुम्ही हे म्हणत नव्हता, पुरुषद्वेष म्हणत होता. गेवराईच्या ताईचं ऐकून घेतलं, त्याला उत्तर नाही माझ्याजवळ. पण त्या सासूला नातू झाला नसता तर तिच्या म्हातारपणी घरात तिला कुणी विचारलं असतं, तेही सांगा. शोरावर वारस लागत नाही, जमीन कुणाच्या नावावर नाही. लिहिणारीनं नुसते पुरुष काढले नाहीत, सातबारासुद्धा काढलाय. तिथून वाचा पुन्हा.