जुना आयकॉम २एटी हँडी (हातात धरायचा हॅम म्हणजे हौशी रेडिओ संच) मिळालाय, सुरुवात कुठून करू?

नवशिका_हॅम:
मामांचा आयकॉम आयसी-२एटी हातात आलाय, तो वरती छोटी चाकं फिरवून फ्रिक्वेन्सी लावायचा, ऐंशीच्या दशकातला. बॅटरी पॅक उघडला तर सेल फुटलेत, हिरवट पांढरी पावडर, रेडिओच्या कॉन्टॅक्टवर पण थोडी आलीय. हॅमची रिस्ट्रिक्टेड ग्रेड परीक्षा पास झालोय, लायसन यायचंय. नवीन पॅक शोधू का?

सोल्डरवाला:
पॅकचं नंतर बघू रे. ती पावडर निकॅड (निकेल-कॅडमियम) सेलची म्हणजे अल्कली, कानकाडीला व्हिनेगर लावून पूस, मग आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल). ओरिजिनल पॅकमधे १.२ व्होल्टचे ७ सेल, म्हणजे ८.४ व्होल्ट. बेंच सप्लायवरून (टेबलावरचा, व्होल्टेज लावता येणारा पॉवर सप्लाय) तेवढेच दे, करंट लिमिट लावून, आणि पोलॅरिटी दोनदा बघ. आधी नुसतं ऐक. चाकं हलवल्यावर फ्रिक्वेन्सी भलतीकडेच उडी मारत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून प्रत्येक चाक भरपूर फिरव, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

जुनी_खरखर:
+१. आणि लायसन हातात येईपर्यंत पीटीटीला (बोलायचं बटण) बोट लावायचं नाही बरं का! नंतर पण पहिली टेस्ट डमी लोडवरच (अँटेनाऐवजी लावायचे रेझिस्टर), १०० ओहमचे २ वॉटचे दोन कार्बन रेझिस्टर पॅरलल लावले की ५० ओहम झाले, वायरवाउंड (तार गुंडाळलेले) अजिबात नको. मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतील.

नवशिका_हॅम:
पुसलं, खरखर यायला लागली!! रिपीटर (आपला सिग्नल घेऊन लांबवर परत पाठवणारं केंद्र) लागेल ना यावर?

सोल्डरवाला:
६०० किलोहर्ट्झ ऑफसेटचा (ऐकायच्या आणि बोलायच्या फ्रिक्वेन्सीतला फरक) स्विच आहे त्याला. पण रिपीटरला टोन (बोलताना सोबत पाठवायचा ठराविक सूर) लागत असेल तर नाही उघडणार, वेगळा टोन बोर्ड बसवावा लागेल.