पोट म्हणजे साधी पिशवी नव्हे

कुणीतरी लिहिलंय, की समुद्रपक्षी मासे अख्खे गिळतात, म्हणजे त्यांचं पोट साधी पिशवीच. मला ते पटत नाही. पक्ष्यांच्या जठराचे दोन भाग असतात: पुढचा ग्रंथींचा, मागचा स्नायूंचा. मागचा म्हणजे कलेजी-पेठ्यातला पेठा. काल नाशिकरोडहून आणलेला कोंबडीचा पेठा चिरला, तर आतलं पिवळं, सुरकुतलेलं, चामड्यासारखं अस्तर अखंड सोलून निघालं. ते कातडं नाही. पेठ्यातल्याच ग्रंथींचा स्राव घट्ट होऊन तो थर बनतो. झिजला की खालून नवा येतो.

फुल्मार, पेट्रेल या समुद्रपक्ष्यांत पेठा लहान. पुढचा भाग मात्र मोठा, पातळ भिंतीचा, ताणला जाणारा. त्यात अन्नातलं तेल साठतं, पिलाला भरवायला आणि शत्रूवर ओकायला. पेठ्याकडची वाट अरुंद, म्हणून गिळलेलं प्लॅस्टिक आत अडकून राहतं. वाईट वाटतं हे वाचून.

आणि जठरातल्या पेशी! आपल्यात आम्ल एक पेशी बनवते, पेप्सिनोजेन (प्रथिनं पचवणाऱ्या पेप्सिनचं आधीचं रूप) दुसरी. पक्ष्यांत एकच पेशी दोन्ही बनवते.

नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात गेलात तर पाणकावळे बसतात त्या झाडाखाली बघा. न पचलेली हाडं ते चिकट गोळ्यात गुंडाळून तोंडावाटे टाकतात.