मोठा टॅटू, नंबिंग क्रीम आणि सोसण्याची परीक्षा

कृष्णरेषा (धागाकर्ती)

काल येथेच आलेल्या ‘जुनी शाई’ यांच्या लेखात दोन ठाम विधाने आहेत. पाठभर किंवा पूर्ण हातावर टॅटू काढून घेताना ज्याने नंबिंग क्रीम (त्वचा बधिर करणारे मलम) लावले त्याने तो टॅटू कमावलेला नाही, हे पहिले. आणि आर्टिस्ट निवडताना त्याचे फॉलोअर किती आहेत एवढे पाहिले तरी पुरे, हे दुसरे. त्याखाली प्रतिसाद लिहायला घेतला तो लांबत गेला, म्हणून स्वतंत्र धागा काढत आहे.

माझी पाठ खांद्यांपासून कमरेपर्यंत काळ्या-राखाडी कामाने भरलेली आहे आणि त्यातला बराचसा भाग मी क्रीमविना सोसला आहे. तेव्हा दुखण्याला घाबरून मी हे लिहीत आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. मोठ्या टॅटूतले दुखणे एकाच प्रकारचे नसते. आउटलाइनच्या वेळी ते धारदार असते आणि रेषेबरोबर सरकते, शेडिंगच्या वेळी पसरट आणि जळजळणारे होते, आणि तिसऱ्या-चौथ्या तासानंतर सुईपेक्षा पुसण्याचाच त्रास अधिक होऊ लागतो, कारण सुजलेल्या, सोललेल्या त्वचेवरून पुन्हा पुन्हा कागद फिरत असतो. दंडाच्या बाहेरच्या बाजूवर किंवा मांडीवर शांतपणे तासन्‌तास काम करून घेणारी माणसे फासळ्या, काख, मणका किंवा गुडघ्याची मागची बाजू आली की अर्ध्या तासात घामाघूम होतात. यात माणसाच्या चारित्र्याचा संबंध येतोच कुठे? जी व्यक्ती दुखण्याने सतत दचकते तिच्या अंगावरची रेषा वाकडी जाण्याची शक्यता वाढते, आणि ती रेषा तिला जन्मभर बाळगायची असते. अशा व्यक्तीने क्रीम लावले तर ते कामाच्या भल्यासाठीच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

रंगारी

मी या व्यवसायात आहे आणि धागाकर्तीशी अर्धाच सहमत आहे. दुखणे ही परीक्षा नव्हे, हे मान्य. परंतु क्रीमने काम सोपे होते असे ज्यांना वाटते त्यांनी आमच्या बाजूनेही पाहावे. काही क्रीमांनी त्वचा पांढरट पडते, किंचित फुगते आणि सुईखाली रबरासारखी लागते. स्टेन्सिल, म्हणजे त्वचेवर आधी उमटवायचा नक्षीचा आराखडा, नीट बसत नाही. त्यात क्रीमचा असर तासा-दोन तासांत उतरतो, तोही अचानक, आणि मग ज्या शरीराला हळूहळू सवय व्हायला हवी होती त्याला तापलेल्या त्वचेचे दुखणे एकदम झेलावे लागते. अशी माणसे मी सेशन अर्धवट टाकून उठताना पाहिली आहेत.

आणि विषय निघालाच आहे तर लिहितो. पाठीच्या कामासाठी येणारा माणूस आदल्या रात्री जागरण करून, मद्य घेऊन, सकाळी उपाशीपोटी येतो, तासाभरात त्याला चक्कर येते आणि दोष सुईला मिळतो. भरपेट जेवून यावे, पाणी पीत राहावे, दुखेल म्हणून आधीच ॲस्पिरिन घेऊ नये, कारण तिने रक्त अधिक येते. श्वास रोखून धरू नये. सोडताना तो लांबवावा. एवढे पाळणाऱ्यांपैकी बहुतेकांना क्रीमची गरज भासत नाही, हा माझा अनुभव आहे.

जुनी शाई

माझ्या नावाने धागा निघाला आहे, तर उत्तरही माझ्याकडूनच यावे. माझ्या छातीवरचे काम मी थोरल्या भावाच्या निधनानंतर करून घेतले. कितीतरी महिने मला कशाचेच काही वाटत नव्हते, आणि उरोस्थीवरून सुई फिरत असताना प्रथमच मी पूर्णपणे त्या खोलीत, त्या क्षणी हजर होतो. तेथे मला बधिर व्हायचे नव्हते. कृष्णरेषा यांना ही चारित्र्याची फुशारकी वाटत असेल तर वाटो; मी ज्याबद्दल लिहितो आहे ते त्यांच्या शरीररचनेच्या धड्यात येत नाही.

दुसरे असे की, दुखणे खबर देते. एकाच जागी सुई वाजवीपेक्षा जास्त वेळा फिरवली की त्वचा चघळली जाते आणि पुढे तेथे वण उठतो. हे अंगावर घेणाऱ्याला आधी कळते, कारण त्या जागेचे दुखणे बदलते. बधिर माणूस आर्टिस्टला थांबवू शकत नाही.

मात्रा

औषधांशी माझा रोजचा संबंध आहे, म्हणून या चर्चेत न आलेली एक बाब मांडणे मला आवश्यक वाटते. बहुतेक नंबिंग क्रीममध्ये लिडोकेन हे बधिर करणारे औषध असते आणि लहान टॅटूसाठी ते साधारणतः निर्धोक असते. मोठ्या टॅटूचा हिशेब मात्र निराळा आहे. रक्तात किती औषध उतरते हे त्याच्या तीव्रतेवर, किती क्षेत्रफळावर लावले त्यावर, वरून प्लास्टिक गुंडाळले की नाही यावर आणि त्वचा अखंड आहे की उघडी यावर अवलंबून असते. पूर्ण पाठीला क्रीम चोपडून वर प्लास्टिक गुंडाळणे आणि असर उतरला की सुईने उघड्या केलेल्या त्वचेवर पुन्हा तेच लावणे, यात शेवटच्या तिन्ही गोष्टी एकत्र येतात. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने मार्च २०२४ मध्ये नेमका याच वापराबद्दल इशारा दिला होता: चिठ्ठीविना मिळणाऱ्या अशा क्रीममध्ये लिडोकेन ४ टक्क्यांहून अधिक नसावे, ते मोठ्या भागावर किंवा जखमी त्वचेवर लावू नये आणि वरून काही गुंडाळू नये. हृदयाचे ठोके अनियमित होणे, झटके येणे आणि श्वास घेण्यास त्रास होणे हे त्यातले धोके आहेत. प्रिलोकेन हे तशाच प्रकारचे दुसरे औषध मिसळलेल्या क्रीममुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमताही घटू शकते.

पूर्ण भूल देऊन एका दिवसात पाठ उरकण्याची जी टूम निघाली आहे तिच्याबद्दल तर मी एवढेच लिहीन की, जानेवारी २०२५ मध्ये ब्राझीलमध्ये पाठीच्या टॅटूसाठी अशी भूल घेतलेल्या एका माणसाचा हृदयक्रिया बंद पडून मृत्यू झाला.

कृष्णरेषा

मात्रा यांचा प्रतिसाद वाचून माझ्या विधानाला मर्यादा घालते: क्रीम वापरायचे तर एका सेशनला एका लहान, अवघड भागापुरते, लेबलावरील तीव्रता वाचून आणि अखंड त्वचेवरच. जुनी शाई यांचा खबरीचा मुद्दा मला आवडलेला नाही, तरी तो खोडता येत नाही, हेही नोंदवते. पण त्यांच्या दुःखाबद्दल पूर्ण आदर ठेवून विचारते: त्यांनी जे अनुभवले ते दुसऱ्याने अनुभवलेच पाहिजे, हा नियम कोणी केला? आणि फॉलोअरच्या मुद्द्यावर त्यांनी मौन का पाळले आहे?

अर्धी बाही

त्या मुद्द्यावर मी लिहितो, कारण माझ्या डाव्या हातावरचे काम गेली काही वर्षे अर्धवट आहे. ज्या आर्टिस्टकडे गेलो त्याचे फॉलोअर भरपूर होते आणि छायाचित्रे डोळे दिपवणारी होती. ती सगळी काम संपल्याच्या क्षणाची होती, हे लक्षात घ्या. ताज्या टॅटूतला काळा रंग सर्वांत गडद दिसतो, पांढरे ठिपके चमकतात, ध्रुवीकृत प्रकाशात छायाचित्र घेतले की ओलसर चकाकी निघून जाते आणि भोवतालची लाली नंतर पुसून टाकता येते. माझ्या हातावरच्या बारीक रेषा कोपराच्या आतल्या बाजूला पसरून निळसर डाग झाल्या, कारण सुई वाजवीपेक्षा खोल गेली होती. पुढच्या सेशनची तारीख मागत राहिलो. आधी उत्तरे उशिरा येत, नंतर येईनाशी झाली. ज्यांच्या कामाची बरी झालेली, वर्ष-दोन वर्षांनंतरची छायाचित्रे उपलब्ध नाहीत अशा कोणाकडेही स्लीव्ह (पूर्ण हातभर टॅटू) किंवा पाठ सोपवू नये, या मतापासून मला आता कोणी हलवू शकणार नाही.

रंगारी

हे सरसकट विधान अन्यायकारक आहे. बरी झालेली छायाचित्रे मिळवायची कोठून? माणसे परत येत नाहीत. जी येतात त्यांतील काहींनी खपल्या ओरबाडलेल्या असतात, काही पंधरा दिवसांत पोहून आलेली असतात, काहींनी कडक उन्हात महिने काढलेले असतात, आणि ते सगळे आमच्या नावावर जमा होते. शिवाय रेषा काळानुसार थोडी जाड होतेच. शाईचे कण त्वचेतल्या भक्षक पेशी गिळून ठेवतात, त्या पेशी मेल्या की नव्या पेशी तेच कण उचलतात, हे २०१८ साली फ्रेंच संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले आहे. टॅटू स्थिर नसतो. त्याला आर्टिस्टची फसवणूक म्हणणे योग्य नाही.

अर्धी बाही

दहा वर्षांत जाड होणारी रेषा आणि तीन आठवड्यांत पसरलेली रेषा यांतला फरक आपल्याला कळत नसेल, असे मी मानत नाही. कळत असूनही आपण व्यवसायबंधूची बाजू घेत आहात, आणि याचा मला राग आला आहे. मी खपली ओरबाडली नाही, पोहलो नाही, उन्हात गेलो नाही. ग्राहकाचा दोष शोधण्याची ही सवयच मला सर्वांत अधिक खटकते.

मात्रा

दोघांनीही जरा थांबावे. छायाचित्रांच्या वादात स्वच्छता मागे पडू नये, विशेषतः राखाडी शेडिंगच्या मोठ्या कामात. न्यूयॉर्क राज्यातील रोचेस्टर येथे २०११ साली अनेकांच्या टॅटूवर चिवट पुरळ उठले. त्यामागचे जंतू आधीच पातळ करून विकलेल्या राखाडी शाईतून आले होते, आणि ती शाई पातळ करण्यासाठी वापरलेले पाणी ऊर्ध्वपातित असले तरी निर्जंतुक नव्हते. आर्टिस्ट शाई कशाने पातळ करतो, एवढे विचारायला संकोच करू नका. उत्तर टाळणाऱ्याकडे जाऊ नका, त्याचे फॉलोअर कितीही असोत.

जुनी शाई

फॉलोअरबद्दलचे वाक्य मी घाईत लिहिले आणि ते मागे घेतो. एवढ्याने धागाकर्तीचे समाधान व्हावे. माझी निवड प्रत्यक्षात कशावर झाली ते सांगतो. त्या आर्टिस्टने मला उभे करून स्टेन्सिल लावले, हात वर-खाली करायला सांगितले, छाती फुगवायला सांगितली आणि नक्षी स्नायूंबरोबर हलताना बिघडते आहे असे पाहून ती पुसून पुन्हा लावली, तेही दोनदा. झोपलेल्या अंगावर लावलेली मोठी नक्षी उभे राहताच पिळवटते. ज्याला हे ठाऊक आहे त्याच्या हाती मी अंग दिले. वेदनेबद्दलचे माझे मत कायम आहे.

रंगारी

अर्धी बाही यांना: तीन आठवड्यांत पसरलेली रेषा हा सुईचा दोष असतो, तो ग्राहकाचा नसतो. हे मी पहिल्याच प्रतिसादात लिहायला हवे होते असे आपण म्हणाल, म्हणून आता लिहितो. मात्र दुसऱ्याचे अर्धवट काम हाती घ्यायला आमच्यापैकी बरेच जण नाखूश असतात, त्यामागे उद्धटपणा नसतो. आधीची शाई किती खोल आहे हे वरून कळत नाही, वण उठलेल्या त्वचेत रंग सारखा बसत नाही, आणि शेवटी दोन हातांचे काम एकाच्या नावाने ओळखले जाते. तरीही कोपराच्या आतला डाग गडद पार्श्वभूमीत घेता येतो. त्यासाठी मूळ नक्षीचा काही भाग सोडावा लागेल, आणि लेझरने आधी थोडे फिके करून घेतले तर पर्याय वाढतील; काळी शाई लेझरला हिरव्या-पिवळ्यापेक्षा चांगली दाद देते.

अर्धी बाही

उत्तराबद्दल आभार. मूळ नक्षी सोडायची माझी तयारी नाही. जो कोणी ती पूर्ण करायला तयार होईल त्याच्याकडून आधी बऱ्या झालेल्या कामाची छायाचित्रे मागेन, नसतील तर त्याच्या जुन्या ग्राहकांपैकी एकाला प्रत्यक्ष भेटू देण्याची विनंती करेन, आणि कोपराच्या आतल्या बाजूला क्रीम लावायचे की नाही हे तोवर ठरवणार नाही.