संवर्धित मानवी कास्थिपेशींच्या गुणसूत्रांतील बदल कितपत गंभीर मानावेत?

प्रश्न : पेशीविद्यार्थिनी

नमस्कार. सांधेरोपण शस्त्रक्रियेत काढलेल्या गुडघ्याच्या कास्थीपासून, म्हणजे कूर्चेपासून (रुग्ण वयस्कर स्त्री, रीतसर संमती व एथिक्स कमिटीची परवानगी घेतलेली आहे) पेशी वेगळ्या करून मी त्या फ्लास्कमध्ये वाढवीत आहे. चौथ्या पॅसेजला (भरलेल्या फ्लास्कमधील पेशी नव्या फ्लास्कमध्ये वाटण्याच्या चौथ्या खेपेला) जी-बँडिंगने, म्हणजे गुणसूत्रे रंगवून त्यांचे पट्टे पाहण्याच्या पद्धतीने, 20 पेशी तपासल्या असता 17 पेशींत नेहमीची 46 गुणसूत्रे, दोन पेशींत 92, तर एका पेशीत सातव्या गुणसूत्राची तिसरी प्रत आढळली. एवढ्यावरून हे संवर्धन जनुकीयदृष्ट्या अस्थिर ठरवून टाकून द्यावे काय?

उत्तर : गुणसूत्रवाचक

तीन पेशींची बेरीज करून ‘15 टक्के बिघाड’ असे कृपया लिहू नका, कारण या दोन निरीक्षणांचे अर्थ वेगळे आहेत. डीएनएची नक्कल झाली पण पेशी दुभंगली नाही की 92 गुणसूत्रे दिसतात. वार्धक्याकडे झुकलेल्या संवर्धनात हे वारंवार आढळते आणि कोलसेमिड (तपासणीसाठी पेशीविभाजन मध्येच थांबवणारे रसायन) जास्त वेळ राहिले तरी अशा पेशींचे प्रमाण वाढते.

सातव्या गुणसूत्राचे प्रकरण अधिक विचार करण्याजोगे आहे. आंतरराष्ट्रीय नामकरणपद्धतीनुसार तेच जास्तीचे गुणसूत्र किमान दोन पेशींत, किंवा तेच गुणसूत्र किमान तीन पेशींत कमी दिसल्याशिवाय तो एका वंशाचा पेशीसमूह मानत नाहीत. त्यामुळे तुमची एकटी पेशी आज काहीच सिद्ध करत नाही. मात्र ती दुर्लक्षूही नये, कारण 20 पेशींची तपासणी मुळात तोकडी आहे : त्यांत एकही विकृत पेशी सापडली नाही, तरी 95 टक्के खात्रीने एवढेच म्हणता येते की तसा समूह 14 टक्क्यांहून मोठा नाही. शिवाय झिजलेल्या सांध्यांच्या ऊतींत सातव्या गुणसूत्राची तिसरी प्रत पूर्वीही नोंदली गेली आहे. म्हणजे हा बदल फ्लास्कमध्ये घडला की रुग्णाच्या गुडघ्यातूनच आला, हा खरा प्रश्न आहे, आणि सुरुवातीच्या पेशींशी तुलना केल्याशिवाय त्याचे उत्तर मिळणार नाही.

उत्तर : फ्लास्क आणि इन्क्युबेटर

वरील मताशी सहमत आहे. फक्त दोन गोष्टी जोडतो. ‘चौथा पॅसेज’ या शब्दांतून फारसे काही कळत नाही, कारण एकास दोन आणि एकास आठ अशा वाटणीत पेशींची किती वेळा दुप्पट झाली यात मोठा फरक पडतो. एकूण दुपटींची संख्या लिहीत चला. दुसरे म्हणजे एसटीआर प्रोफाइल (डीएनएवरून व्यक्तीची ओळख पटवणारी चाचणी) करून पेशी त्याच रुग्णाच्या आहेत याची खात्री करा. मानवी मूलपेशी दीर्घ संवर्धनात आपोआप कर्करोगसदृश होतात, असा दावा करणारा 2005 मधील ‘कॅन्सर रिसर्च’चा गाजलेला निबंध 2010 मध्ये मागे घ्यावा लागला, कारण परक्या पेशींची भेसळ झाल्याचा संशय बळावला होता.

माझे स्पष्ट मत असे, की या पेशींच्या बाबतीत गुणसूत्रांआधी पेशींची ओळखच हरवते. सपाट पृष्ठभागावर वाढताना त्या दुसऱ्या प्रकारचे कोलॅजन (कास्थीतील मुख्य प्रथिन) कमी करून पहिल्या प्रकारचे बनवू लागतात आणि तंतुपेशींसारख्या दिसू लागतात. जनुकसंच अगदी निर्दोष असला, तरी अशा पेशी कास्थी घडवतीलच असे नाही. गुणसूत्रांबरोबर या दोन कोलॅजनांचे प्रमाणही मोजा.

उत्तर : सांधेशल्यचिकित्सक

उपचाराच्या बाजूने थोडे लिहितो. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे 1987 पासून रुग्णाच्याच वाढवलेल्या कास्थिपेशी गुडघ्यात बसवण्यास सुरुवात झाली आणि 1994 मध्ये 23 रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्या पद्धतीत सांध्याच्या भार न पडणाऱ्या भागातून 200 ते 300 मिलिग्रॅम एवढाच तुकडा घेतला जातो. समजा त्यातून दोन लाख पेशी मिळाल्या, तर सहा दुपटींत त्या 1 कोटी 28 लाख होतात, आणि एका रुग्णासाठी साधारण तेवढ्याच लागतात. त्यामुळे झिजलेल्या सांध्यातील, बऱ्याच पुढच्या पॅसेजपर्यंत नेलेल्या पेशींचे निष्कर्ष या उपचाराला जसेच्या तसे लावू नयेत, अशी विनंती आहे.

पेशीविद्यार्थिनी

सर्वांचे आभार. पहिल्या पॅसेजची एक गोठवलेली कुपी शिल्लक आहे. ती वितळवून पुन्हा वाढवू, की थेट तपासू?

गुणसूत्रवाचक

थेट तपासा, वाढवल्यास वेगाने दुभंगणाऱ्या पेशी पुढे जातील आणि तुलनाच बिघडेल. त्या पेशी स्लाइडवर घेऊन फिश पद्धतीने (ठरावीक गुणसूत्राला चिकटणारा चमकणारा डीएनए-तुकडा, म्हणजे प्रोब, वापरून) त्या क्षणी दुभंगत नसलेली निदान 200 केंद्रके मोजा आणि तेच चौथ्या पॅसेजवरही करा. सातव्या गुणसूत्राच्या प्रोबबरोबर दुसऱ्या एखाद्या गुणसूत्राचा वेगळ्या रंगाचा प्रोब अवश्य लावा : सातव्याचे तीन ठिपके आणि दुसऱ्याचे दोन असतील तरच ती खरी तिसरी प्रत; दोन्हींचे चार-चार असतील, तर ती 92 गुणसूत्रांची पेशी किंवा दुभंगण्याच्या तयारीतले साधे केंद्रक असू शकते.